मदत हवी आहे : लेक वीसपर्यंत म्हणते, पण "किती?" विचारलं की पुन्हा मोजायला लागते

नमस्कार मंडळी,

लेक लवकरच चार वर्षांची होईल. एक ते वीस घडाघडा म्हणते, मध्ये पंधरा गाळते एवढंच. तिला अंक येतात असं आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो. परवा शर्टाची जुनी पाच बटणं जमिनीवर ओळीत मांडली. तिने एकेकावर बोट ठेवून बरोबर मोजली. "मग किती आहेत गं?" म्हटलं, तर पुन्हा "एक, दोन, तीन…". परत विचारलं, परत पहिल्यापासून. मग डबा पुढे केला आणि म्हटलं, "मला चार दे." तिने मूठभर बटणं उचलली आणि माझ्या ओंजळीत ओतली. एक, दोन किंवा तीन मागितली की मात्र अचूक देते. चारपासून पुढे काहीही मागा, मूठच येते.

मी घाबरले, मग थोडं वाचलं. अंक ओळीने म्हणणं आणि शेवटी म्हटलेला अंक हीच सगळ्यांची मिळून संख्या आहे हे उमगणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यात ही गोष्ट स्वतंत्र धरली आहे. मुलांना आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. म्हणजे लेक वाटेतच आहे. जीव भांड्यात पडला, पण तिच्याशी काय खेळू हा प्रश्न उरलाच.

आतापर्यंत जमलेलं सांगते. वाळलेले मोजे जोडीने लावायला तिला फार आवडतं आणि एकटा उरलेला मोजा ती घरभर शोधते. जिना चढताना मोजणं दोन दिवसांत कंटाळवाणं झालं. फाशावरचे एक, दोन, तीन ठिपके ती न मोजता बघताक्षणी सांगते, पाचाला मात्र बोट लागतं. सगळ्यात रंगलेला खेळ बटणं झाकायचा: तीन बटणं दाखवायची, वाटी पालथी घालायची, तिच्यादेखत एक आत सरकवायचं आणि विचारायचं, "आता आत किती?" काल ती वाटीकडे बघत बराच वेळ गप्प बसली आणि हळूच म्हणाली, "चार." वाटी उचलली तेव्हा टाळ्या तिनेच वाजवल्या!

पुठ्ठ्यावर एका ओळीत १ ते १० चौकोनांचा पटही केलाय. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अशाच पटाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका, पण मुलांची अंकांची समज चांगलीच सुधारली. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. फाशाऐवजी मी मोठ्या बटणाच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ लिहिलंय.

अडतंय ते इथेच. सोंगटी ३ वर असताना २ पडले तर "चार, पाच" म्हणत सरकायला हवं, म्हणजे चौकोनातला अंक तोंडी येतो. ती "एक, दोन" म्हणते. दर वेळी टोकलं तर उठून जाते, न टोकलं तर खेळाचा उपयोगच होत नाही असं वाटतं. तुम्ही काय केलंत? मी माझी सोंगटी सरकवताना मोठ्याने म्हणत राहिले तर ती आपोआप उचलेल का?

दुसरं म्हणजे, 'चार' आणि 'पाच' पक्के व्हायला बटणांखेरीज काय वापरलंत? धावत-उड्या मारत खेळण्यासारखं असेल तर फारच बरं, एका जागी ती दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. आणि धाकटा दोन वर्षांचा आहे, तो पट उधळून देतो. त्यालाही सामील करता येईल असं काही आहे का?

अंक गिरवायला बसवा हा सल्ला घरातून रोज मिळतोय, तेवढा सोडून काहीही सुचवा. एकोणीस-एकोणतीसचा गोंधळ पुढच्या वर्षी बघू. सध्या चार मागितल्यावर चार हातात आले तरी मला पुरे.