शब्दचर्चा: मॉड्यूलची 'सेटिंग' म्हणजे नक्की कुठली?

लिनक्सच्या मदत-पानांचं मराठी करतोय, सध्या कर्नल मॉड्यूलचा (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, गरजेप्रमाणे जोडता-काढता येणारे तुकडे, उदा. ड्रायव्हर) भाग चालू आहे, म्हणजे कमांड लाईनवरून मॉड्यूल लोड करणं, त्याच्या सेटिंग बघणं, बदलणं वगैरे. पॅरामीटर, ऑप्शन, कॉन्फिगरेशन ह्या सगळ्याला 'संयोजना' लिहावं असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे, मला ते पटत नाहीये. आणि ब्लॅकलिस्टला 'काळी यादी' चालेल का? सुचवा प्लीज.

*

एकच शब्द अजिबात करू नका, ह्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. साउंडचंच घ्या. बऱ्याच लॅपटॉपवर गाणं थांबलं की थोड्या वेळाने स्पीकरमधून टक् आवाज येतो, कारण एसएनडी-एचडीए-इंटेल हे मॉड्यूल रिकामी बसलेली चिप झोपवतं. त्याला पॉवर-सेव्ह नावाचा पॅरामीटर आहे, किती सेकंदांनी झोपवायचं तो आकडा, ० दिला की झोपवणं बंद. पॅरामीटर हा मॉड्यूल लिहिणाऱ्याने ठेवलेला असतो, आपण नवीन बनवू शकत नाही, मॉडइन्फो कमांडला -पी लावून विचारलं की कुठले कुठले आहेत ते कळतं.

ऑप्शन म्हणजे आपण लिहिलेली ओळ. ईटीसीमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरात एक फाईल करायची, तिचं नाव डॉट-कॉन्फने संपलंच पाहिजे नाहीतर मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) तिच्याकडे बघतच नाही, आणि त्यात 'ऑप्शन्स', पुढे मॉड्यूलचं नाव, पुढे पॉवर-सेव्ह बरोबर ०.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आत्ता खरोखर चालू असलेला आकडा, तो सिस फोल्डरात मॉड्यूलच्या नावाखाली पॅरामीटर्समध्ये असतो, कॅट कमांडने वाचता येतो. आता गंमत अशी की फाईलीत ओळ लिहिली म्हणून हा आकडा हलत नाही, ती ओळ मॉड्यूल लोड होताना वाचली जाते, म्हणजे एकतर मॉडप्रोब -आर करून काढा आणि परत लोड करा नाहीतर रीबूट करा. "सेटिंग बदलली पण फरकच पडत नाही" म्हणून लोक विचारत येतात ना, त्यांनी ओळ बदललेली असते आणि आकडा जुनाच असतो, आणि आपण दोन्हीला सेटिंग म्हणतो म्हणून त्यांना ते दिसत नाही.

माझं मत: पॅरामीटर तसाच ठेवा ('प्राचल' परिभाषेत आहे पण टर्मिनलसमोर बसलेलं कोणी म्हणत नाही), ऑप्शनला 'नोंद', आणि चालू आकड्याला 'किंमत'. क्षची किंमत काढा हे आपण सगळेच शाळेत शिकलोय, त्यामुळे कोणी पैसे समजणार नाही.

*

वरच्याशी सहमत. 'काळी यादी' मात्र नको, अर्थच उलटा पोचतो. ठेकेदार काळ्या यादीत गेला की त्याला काम मिळत नाही, विषय संपला. मॉडप्रोबचं ब्लॅकलिस्ट इतकं कडक नाहीच. हार्डवेअर दिसलं की त्याच्या ओळखीवरून कुठलं मॉड्यूल लागेल ते शोधलं जातं, ब्लॅकलिस्ट केलेलं मॉड्यूल फक्त ह्या शोधातून वगळलं जातं. तुम्ही स्वतः नाव घेऊन मॉडप्रोब चालवलंत किंवा दुसऱ्या मॉड्यूलला ते लागलं तर ते आरामात लोड होतं. म्हणून 'आपोआप लोड नको' असंच सरळ लिहा, लांब झालं तरी चालेल.

खरंच अडवायचं असेल तर त्याच फोल्डरात 'इन्स्टॉल', मॉड्यूलचं नाव आणि पुढे बिनमधलं फॉल्स अशी ओळ लिहितात. आणि इथे प्लीज 'प्रस्थापित करा' लिहू नका!! ह्या ओळीतल्या इन्स्टॉलचा अर्थ "हे मॉड्यूल लोड करायची वेळ आली तर त्याच्याऐवजी ही कमांड चालव" एवढाच आहे. फॉल्स ही कमांड काही न करता अपयश कळवते, म्हणून लोड होणं अडतं. अर्थात कोणी इनस्मॉड कमांडला थेट मॉड्यूलची फाईल दिली तर ही ओळही अडवू शकत नाही, कारण इनस्मॉड ह्या फायली वाचतच नाही.

*

कमांड लाईनकडे पण लक्ष द्या, ह्या प्रकरणात तो शब्द दोन अर्थांनी येतो. एक म्हणजे आपण टर्मिनलवर टाईप करतो ती. दुसरी कर्नलची स्वतःची, बूट होताना ग्रब (मशीन सुरू झाल्यावर कर्नल लोड करणारा प्रोग्राम) जी ओळ कर्नलला देतो ती. मॉड्यूल वेगळं नसून कर्नलमध्येच बांधलेलं असेल तर मॉडप्रोबच्या नोंदीचा काही उपयोग नसतो, तिथे ह्या दुसऱ्या ओळीत मॉड्यूलचं नाव, टिंब, पॅरामीटर, बरोबर, किंमत असं लिहावं लागतं, यूएसबी-कोअर टिंब ऑटोसस्पेंड बरोबर -१ हे नेहमी दिसणारं उदाहरण. ह्या ओळीला 'बूट ओळ' म्हटलं तर गोंधळ टळेल. 'आज्ञावली' दोन्हीकडे नको, मराठीत तो शब्द प्रोग्रामसाठी आधीच वापरात आहे.

*

खूप उपयोग झाला सगळ्यांचा. मग एक वाक्य असं केलंय, बघा: "नोंद बदलल्यावर मॉड्यूल काढून पुन्हा लोड करा, आणि पॅरामीटरची किंमत खरंच बदलली का ते सिस फोल्डरात पाहा."

*

छान आहे, फक्त पुढे एवढं जोडा की मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी तात्पुरती फाईल-सिस्टिम, तिच्यात नोंदींचीही प्रत असते) असेल तर उबंटू-डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू आणि फेडोरावर ड्रॅकट -एफ चालवायचं, नाहीतर रीबूटनंतरही जुनीच नोंद वाचली जाते.