स्वतःची गाणी घेऊन सांगलीतून पुढं जायचं कसं? कॅफेत सगळ्यांना कव्हरच (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) पाहिजेत

पेवातला_आवाज:
नमस्कार मंडळी. सांगलीत राहतो, वय २७, दिवसा अकाउंटचं काम आणि शनिवारी रात्री विश्रामबागेतल्या एका कॅफेत गिटार घेऊन गातो. तीन वर्षं झाली. स्वतः लिहिलेली मराठी गाणी १४ आहेत, त्यातली धड म्हणावी अशी सात-आठ. पण होतं काय की जुनं हिंदी काढलं की सगळे माना डोलवतात आणि स्वतःचं सुरू केलं की लगेच मोबाईल बाहेर. मागच्या शनिवारी तर कळसच झाला, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) एक गाणं केलंय, आजोबांचं पेव २००५ च्या पुरात गेलं त्यावर, ते गात होतो आणि दुसऱ्या कडव्याला मिक्सर सुरू झाला, कोल्ड कॉफीचा. मालक काउंटरवरून हातानंच सांगतोय, थांब जरा. थांबलो. मिक्सर बंद झाल्यावर परत सुरू करायची लाज वाटली, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर केक आला म्हणून हॅपी बर्थडे वाजवून टाकलं.

सध्या ट्रेसी चॅपमन ही अमेरिकन गायिका खूप ऐकतोय. ती पण अशीच कॉफी हाऊसमध्ये आणि रस्त्यावर गायची म्हणे आणि मग एका संध्याकाळीत जगाला माहीत झाली. तर प्रश्न असा की ती संध्याकाळ यायला नेमकं काय करावं लागतं? नोकरी सोडून पुण्या-मुंबईला जाऊ का?

मिरज_साउंड:
नोकरी सोडू नको, आधी हे सांगून ठेवतो. वीस वर्षं ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, गणपतीचे स्टेज सगळीकडं साउंड केलाय, त्या अनुभवावर बोलतोय. भावा, कॅफेत लोक गप्पा मारायला आलेत, तुला ऐकायला नाही, त्यात त्यांची काय चूक नाही. शनिवार सोड, मालकाला मंगळवार-बुधवार माग, तसंही त्यादिवशी त्याच्याकडं माश्याच असतात. तासभर मिक्सर बंद ठेवायचा एवढं आधीच ठरवून घे. आणि स्वतःचं गाणं पहिलं घेऊ नको, दोन ओळखीची झाली की तिसरं तुझं, आणि त्याच्या आधी दोन वाक्यं बोल. "हे आमच्या आजोबांच्या पेवाचं गाणं" एवढं म्हटलास तरी सांगलीत निम्मी लोकं मान वर करतील, प्रत्येकाचा कोण ना कोण हळदीत हायच. अजून एक, गिटार थेट साउंडच्या मिक्सरला लावतोस का? डीआय बॉक्स घे, म्हणजे गिटार आणि साउंडच्या मिक्सरमध्ये लावायची छोटी डबी, नाहीतर गिटार पत्र्यावर पाऊस पडल्यागत वाजतंय आणि शब्द कळतच नाहीत. शब्द कळले नाहीत तर स्वतःची गाणी गाऊन उपयोग काय.

अजिंक्यताऱ्याखाली:
ट्रेसी चॅपमनची गोष्ट लोक अर्धीच सांगतात म्हणून जरा लांबण लावते. ११ जून १९८८, लंडनचं वेंब्ली स्टेडियम, मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम, मंडेला तेव्हा तुरुंगातच. तिचा छोटा कार्यक्रम दिवसा होऊन गेलेला. मग स्टीव्ही वंडर या मोठ्या गायकाच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना, तो तसाच निघून गेला, स्टेज रिकामं, म्हणून हिला परत पाठवलं. वय २४, एकटी, हातात गिटार, समोर सत्तर हजारांवर लोक आणि टीव्हीवर साठच्या वर देश. 'फास्ट कार' गायली आणि पुढचं सगळ्यांना माहितीय, अल्बम अमेरिकेत आणि इंग्लंडात एक नंबरला, पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी.

पण त्या अल्बमला त्या दिवशी दोन महिने झाले होते! त्याच्याआधी बोस्टनजवळ टफ्ट्स युनिव्हर्सिटीत शिकताना ती हार्वर्ड स्क्वेअरला रस्त्यावर आणि कॉफी हाऊसमध्ये गात होती, तिथं कॉलेजातल्याच एका पोरानं ऐकलं, त्याचे वडील संगीताच्या धंद्यातले, तिथनं रेकॉर्ड कंपनी. म्हणजे नशीब होतंच, नाही कोण म्हणतंय, पण डिस्क हरवली तेव्हा हिच्याकडं गाणं तयार होतं आणि गोंगाटात एकटीनं उभं राहायची सवय होती. आणि गंमत बघा, तेच गाणं २०२३ ला दुसऱ्या एका गायकानं गायलं आणि कंट्री म्युझिकवाल्यांनी साँग ऑफ द इयरचा पुरस्कार तिला दिला, लिहिणारी म्हणून. ३५ वर्षांनी.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं पण तेच. १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला आला, सुरवातीला दुसऱ्यांच्या मागं माऊथ ऑर्गन वाजवायचा. सप्टेंबरात गर्डीज फोक सिटी नावाच्या बारीक क्लबात गायला, पेपरात छापून आलं, करार झाला, आणि पहिला अल्बम पहिल्या वर्षी पाच हजारांच्या आसपासच खपला. कंपनीतले लोक हसत होते.

पोवई_नाका:
मी गेलतो पुण्याला. चार वर्षं काढली, आता साताऱ्यात परत. तिथं पण मिक्सर हायच, फक्त खोलीचं भाडं तिप्पट. एका ठिकाणी तर दोन तास गाऊन झाल्यावर पाकीट नाही, पिझ्झा दिला, घरी घेऊन जा म्हणाले. पण एक खरं सांगतो, पुण्यात स्वतःची गाणी करणारी अजून सहा-सात पोरं भेटली आणि त्यातल्या एकानं तोंडावर सांगितलं की तुझी सगळी गाणी एकच गाणं आहे. आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी. बरोबर होतं त्याचं. गावात सगळे "नाद खुळा" म्हणतात, तसं कोण सांगत नाही. जायचंच असेल तर अशा माणसासाठी जा, महिन्यातनं एखादा ओपन माईक (कुणीही येऊन गावं असा कार्यक्रम) करून ये, रात्रीच्या गाडीनं सकाळी कामावर.

कृष्णामाई:
हे सगळं बोलताना आपल्याच जिल्ह्यातला माणूस विसरतोय आपण. पठ्ठे बापूराव, रेठरे हरणाक्षचे, वाळवा तालुका. कुलकर्ण्यांचं पोरगं, स्वतः लावण्या लिहून तमाशाच्या फडावर उभं राहिलं, त्या काळात जातीनं काय काय बोललं असेल विचार करा. त्यांना कुठला कॅफे होता. (आता कोणीतरी येऊन म्हणेल की लावणी वेगळी आणि गिटार वेगळं. म्हणू दे.)

स्टँपपेपर:
लिहिणारी म्हणून पुरस्कार मिळाला यावरून आठवलं. माझ्या भावानं एक गाणं एका कंपनीला पाच हजारात "सर्व हक्कांसह" लिहून दिलं, वाचलंच नाही, पोरगं खूश. तर पेवातला भाऊ, कुठंही सही करायच्या आधी वाच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही, कागदावर काहीही छापलेलं असू दे. आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी, तिचा सभासद हो, शब्द आणि चाल दोन्ही तुझी असेल तर दोन्ही म्हणून नोंद कर. स्ट्रीमिंगवर मात्र भिस्त ठेवू नको, स्पॉटिफायवर बारा महिन्यात एखादं गाणं हजार वेळा वाजलं नाही तर त्याचा एक रुपया पण धरत नाहीत.

पेवातला_आवाज:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण मंगळवार करून बघितला. मालक तयार झाला, मिक्सर बंद, डीआय बॉक्स मिरज_साउंड यांनी सांगितला तसा उसना आणला. ११ माणसं आली, त्यातली चार माझी चुलत भावंडं. पेवाचं गाणं तिसरं घेतलं, आधी दोन वाक्यं बोललो, कुणी मोबाईल काढला नाही.

संपल्यावर मागं बसलेले एक काका आले, हरिपूरचे, हमाली केलेले. मला वाटलं आता पाठ थोपटणार. म्हणाले, "गाणं बरंय, पण दुसऱ्या कडव्यात तुझा आजा पेवाचं तोंड उघडतोय आणि लगेच आत उतरतोय. मरायचं हाय काय त्याला? आत हवा नसती. उघडून ठेवायचं, काही तास जाऊ द्यायचे, मग माणूस उतरतो." आजोबांनी हे कधी सांगितलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आता ते कडवं परत लिहितोय. आजोबा पेवाच्या काठावर बसून वाट बघतात असं केलंय, पण चालीत दोन मात्रा जास्त होतायत. 'वाट' आणि 'काठ' दोन्ही ठेवायचेत. कुणाला काही सुचतंय का?