आजोबांचं लाकडी धनुष्य घासून नवं करावं का?

घंटाळीकर:
नौपाड्यातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांचं धनुष्य सापडलं. माझ्याहून चार बोटं उंच, दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या, त्यांत दोरीची खाच. सुतार म्हणतो, पॉलिश पेपर मारून नवं करून देतो. मी नाही म्हटलं. बाहेरची बाजू फिकट, आपल्याकडची लालसर. आधी वाटलं, दोन लाकडं चिकटवलीत. पण जोडाची रेघ कुठेच नाही, एक रंग दुसऱ्यात वेडावाकडा उतरतो. हे यू नावाच्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड आहे. सालीलगतचा फिकट भाग ताण सोसतो, गाभा दाब सोसतो. पाठीवरचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, एक धागा जरी पेपरने कापला गेला, तरी ओढताना तिथूनच फुटेल.

वाशीकर:
पटलं नाही. धनुष्य ओढण्यासाठीच असतं. माझं बेअर कंपनीचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. त्यावर १९५३ आहे म्हणून विकणाऱ्याने ते त्याच साली बनलंय असं सांगितलं. पण ते कॅनडाच्या पेटंटचं साल! मुठीत बसवलेलं कंपनीचं नाणं निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचं, म्हणजे १९६३ ते १९७० मधलं. घासलं, वार्निश दिलं, रोज तीस बाण मारतो. दोरी मात्र डॅक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची. आजची न ताणणारी दोरी जुनी टोकं तोडते.

घंटाळीकर:
अहो, तुमच्या धनुष्याला फायबरग्लासचा थर आहे, ताण तो घेतो. माझं निव्वळ लाकूड.

जव्हारचा:
आमच्या वाडीत कामठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा, दोरीही बांबूचीच. मोडला की मामा दुसरा करतो. कांब कधी तोडायची, किती तासायची, हे त्याच्या हातात आहे. ते शिकायला कोणी येत नाही आणि तुम्ही एका काठीवरून भांडताय. जपायचं तर ते जपा.

वाशीकर:
मामांचं खरं आहे. पण घंटाळीकर, निदान दोरी चढवून तर बघा!

घंटाळीकर:
नाही चढवणार. काल भिंगाने पाहिलं. मुठीच्या खाली, आपल्याकडच्या बाजूला, केसासारख्या तीन आडव्या रेघा आहेत. नख फिरवलं की लागतात. दाबाने धागे चुरडलेत तिथे. स्पिरिटचा बोळा कोपऱ्यात लावला तर चिकट झालं, म्हणजे चपड्याचं पॉलिश आहे. ते तसंच ठेवलं. कोरड्या फडक्याने पुसलं, आतल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं टांगलं. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओलावते.
जव्हारचे दादा, मामा शिकवणार असतील तर मी येतो. कांब कधी तोडतात ते कळवा.