मदत हवी आहे: २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आणि एफ-१५०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचं ओझं पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी) लागेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरला राहतो. जुलैत आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना यलोस्टोन दाखवायचं आहे. बाबांचे गुडघे आणि आईचं रात्रीचं उठणं पाहता तंबू शक्यच नाही, म्हणून एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. गाडीत सहा जण असणार, त्यातले दोघे सत्तरीचे आणि दोन मुलं. त्यामुळे "चालून जाईल" या भरवशावर निघायची माझी तयारी नाही.

गाडी २०१९ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, चार दारांची, पुढे बाकासारखी सलग सीट, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १४५ इंच. ट्रेलर रिकामा ४,७०० पौंड, भरून कमाल ६,२००. माहितीपत्रकात टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं गाडीवर पडणारं वजन) ५२० दिलंय. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर आहे.

ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले, "एफ-१५० ला काही होत नाही, बॉलवर ठेवा आणि चला." दुकानातला माणूस म्हणतो, सगळ्यात महागडा हिच घ्या. दोघांवरही न विसंबता मी गाडीखाली वाकून रिसीव्हरवरचं (हिच अडकवायच्या खोबणीवरचं) लेबल वाचलं. साध्या बॉलवर ट्रेलर ५,००० पौंड आणि टंग ५०० पर्यंत. त्यापुढे वेट डिस्ट्रिब्यूटिंग हिच.

माहितीपत्रकातले ५२० हे कोऱ्या ट्रेलरचे. टंगवर गॅसच्या दोन टाक्या (भरलेली एकेक साधारण ३७ पौंडांची) आणि बॅटरी, हे त्यात धरलेलं नसतं. सामान भरून ट्रेलर ५,७०० च्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं म्हणतात. १२ टक्के धरले तरी ६८५ होतात.

आता मला खरी काळजी वाटते ती इथे. मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल सुमारे ६० इंच मागे आहे. मागे ओझं वाढलं की बैलगाडी उलाळ होते, तोच प्रकार. ६८५ गुणिले ६०, भागिले १४५, म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे २८० पौंड उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ९६५ च्या आसपास पडतात. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक याच पुढच्या चाकांवर अवलंबून, आणि आमच्या वाटेत साडेनऊ हजार फुटांवरची टोग्वोटी खिंड आहे.

शिवाय पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी पेलेल ते कमाल वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर १,५४० सांगतं. सहा माणसं मिळून ७६०. टंग ६८५. हिचचं स्वतःचं वजन ८५. बेरीज १,५३०. बॅगा, कूलर, बाबांची घडीची खुर्ची अजून मोजलेलीच नाही.

माझे प्रश्न: लेबलाचा अर्थ मी बरोबर लावतोय ना? या हिचमुळे पेलोडमध्ये काही सूट मिळते का? आणि हिचचे स्प्रिंग बार (वजन पुढे ढकलणाऱ्या दांड्या) किती ताणायचे? पुढचा बंपर पूर्ववत होईपर्यंत का?

प्रतिसाद

लेबलाचा अर्थ अगदी बरोबर. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागेलच, त्यात दुमत नको.

पेलोडची सूट मात्र धरू नका. स्प्रिंग बार मागचं काही वजन पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात. त्यामुळे प्रत्यक्ष तराजूवर गाडीचा आकडा थोडा उतरतो. पण स्टिकरवरचा १,५४० काही वाढत नाही, आणि सुरुवातच काठावरून केलीत तर फिरायला जागा राहत नाही. "ओढण्याची क्षमता १०,००० पौंड" वगैरे जाहिरातीतले आकडे तुमच्या बाबतीत बाजूला ठेवा. एवढ्या माणसांसकट ट्रेलर ओढताना बहुतेक हाफ-टन (एफ-१५० च्या वर्गातल्या) पिकअप आधी पेलोडवर अडतात.

प्रतिसाद

बार किती ताणायचे यासाठी तुमच्याच गाडीचं मॅन्युअल बघा. पुढच्या चाकावरच्या फेंडरची जमिनीपासूनची उंची मोजायची: आधी ट्रेलर न जोडता, मग जोडून पण बार न लावता. जितकी उंची वाढली, त्याच्या निम्मी खाली येईल इतकेच बार ताणायचे, असं या पिढीच्या एफ-१५० ला सांगितलंय. पूर्ण पूर्ववत करायच्या नादात मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून सरकू शकते, हे लोक विसरतात. गाडी-ट्रेलर सपाट जागी आणि रोजच्यासारखं सामान भरून मोजा, रिकामं मोजून उपयोग नाही.

दुसऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर: हा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका. होंडा पायलटच्या मॅन्युअलमध्ये असा हिच वापरू नये असाच सल्ला आहे. आपापलं पुस्तक आधी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. निम्म्याचा हिशेब मला माहीत नव्हता. वाऱ्याचं काय? आम्ही लॅरमीवरून आय-८० ने रॉलिन्सला आणि तिथून लँडरकडे जाणार. एल्क माउंटनजवळच्या वाऱ्याबद्दल बरंच ऐकलंय. या हिचने ट्रेलरचं डोलणं थांबेल का?

प्रतिसाद

थांबेल असं गृहीत धरू नका. वजन वाटणं आणि डोलणं आवरणं ही दोन वेगळी कामं. काही हिचमध्ये घर्षणाने स्वे (डोलणं) आवरायची सोय असते, घेताना ती असलेलाच घ्या. पण डोलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टंग वेट १० टक्क्यांच्या खाली जाणं. तेव्हा पेलोड वाचवायला जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेऊ नका! पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघा, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनचे ३३० च्या वर होतात. टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे तेही बघा, ती भरल्यावर टंग वेट त्यानुसार वाढतं किंवा घटतं. कॅम्पग्राउंडवर पोचून पाणी भरता येतं.

डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ही कृती आधी मोकळ्या पार्किंगमध्ये करून बघा, म्हणजे हात आपोआप तिकडे जाईल.

वायोमिंगच्या वाहतूक खात्याचं ५११ (रस्त्यांची ताजी माहिती देणारी सेवा) निघायच्या सकाळी बघा. जोराचा वारा असला की हलक्या आणि उंच वाहनांना तो रस्ता बंद करतात, आणि ट्रॅव्हल ट्रेलर नेमका त्यातच मोडतो. बंदी नसली तरी दुपारऐवजी पहाटे तो पट्टा पार करा.

आणि एक आग्रहाची सूचना. वहिनी गाडी चालवत असतील तर आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून येऊ दे. पिकअपवरचे तीनशेक पौंड तिथेच कमी होतात, वाटेत हवं तिथे थांबताही येतं, आणि उद्यानात फिरताना ट्रेलर कॅम्पवर सोडून दोन गाड्या हाताशी राहतात.

धागाकर्ता

ही चालवते, आणि दुसरी गाडी आहेच. तेच करू. बाबांना पुढच्या सीटवर पाय पसरून बसता येईल, हा त्यांचा मोठाच प्रश्न सुटला. हिच बसवून, ट्रेलर भरून, शनिवारी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) जातो. तिन्ही वजनं करून आणतो: बार लावून, बार काढून, आणि नुसती गाडी. आकडे इथे टाकेन, कृपया एकदा नजर घाला.