भाकीत, अंदाज की पारख?

तापीकाठ: मंडळी एक शब्द अडलाय. पुतणी जळगावला एमएस्सी फिजिक्स करतेय, तिला टोपोलॉजिकल इन्सुलेटरवर मराठीतून बोलायचंय. म्हणजे असे पदार्थ की जे आतून वीज जाऊ देत नाहीत पण पृष्ठभागावरून ती वाहते, आणि पृष्ठभागावर थोडी घाण-खाचखळगे असले तरी वाहतच राहते. इन्सुलेटरला विसंवाहक आहे, टोपोलॉजीला विश्वकोशात संस्थितिविज्ञान आहे, ते निभावलं. अडलं प्रेडिक्शनला. कॉम्प्युटरवर आकडेमोड करून 'हा पदार्थ तसा निघेल' असं आधीच सांगतात त्याला तिनं भाकीत लिहिलंय, आणि मला भाकीत म्हटलं की आखाजीला पीकपाणी सांगणारी भेंडवळची घटमांडणीच दिसते. अंदाज लिहू का?

रावेरची लेक: अंदाज नको दादा. अंदाज आपण केळीच्या घडाचा करतो, हातात तोलून, किलो-दोन किलो इकडेतिकडे. इथे 2006 साली बर्नेविग, ह्यूज आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांनी मर्क्युरी टेल्युराइडच्या थराबद्दल कागदावर सांगून ठेवलं की थर साधारण 6.3 नॅनोमीटरपेक्षा जाड झाला की कडेने वीज वाहील, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत वुर्झबर्गला मोलेनकाम्पांच्या गटाने ते मोजून दाखवलं. आधी बोलायचं आणि खरं-खोटं प्रयोगावर सोडायचं, याला भाकीतच म्हणतात. भेंडवळमुळे शब्द का टाकायचा?

सराफगल्ली: ताईंचं बराबर शे, पण सगळ्याला भाकीत लावू नका. बिस्मथ टेल्युराइड तर थंडाव्याच्या छोट्या उपकरणांत कितीतरी वर्षं वापरात होतं, 2009 ला कळलं की ते टोपोलॉजिकल आहे. पदार्थ जुनाच, ओळख नवी. याला आमच्यात पारख म्हणतात, परीक्षेवरूनच आलाय तो शब्द. दागिना न वितळवता कसोटीच्या काळ्या दगडावर एक रेघ ओढायची, तेजाब लावायचं, रेघेचा रंग कितपत टिकतो त्यावरून कस सांगायचा. फू आणि केन या भौतिकशास्त्रज्ञांनी 2007 ला तशीच कसोटी दिली, स्फटिकात केंद्राभोवती सममिती असेल तर इलेक्ट्रॉनचे सगळे पट्टे, म्हणजे त्यांना चालणाऱ्या ऊर्जांचे टप्पे, धुंडाळत बसायचं नाही, फक्त इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या आठ ठरावीक बिंदूंवर अवस्था सम आहेत की विषम, म्हणजे केंद्रातून उलटवल्या की तशाच राहतात की चिन्ह बदलतात, ते बघायचं. असल्याच सममितीच्या कसोट्या वाढवत 2019 ला स्फटिकांच्या नोंदीतले जवळपास 27 हजार पदार्थ कॉम्प्युटरने घासून बघितले आणि चारातला एक तरी टोपोलॉजिकल निघाला! मला तर हे वाचून रात्री झोप नव्हती, आपण ज्याला दुर्मिळ समजत होतो ते सगळीकडे पडलेलं.

रावेरची लेक: पारख आवडला. पण कसोटीही चुकते हे तिला सांगा, नेहमीच्या आकडेमोडीत पट्ट्यांमधली फट, म्हणजे ऊर्जेतलं अंतर, खऱ्यापेक्षा कमी येते, म्हणून कधी साधा पदार्थही टोपोलॉजिकल दिसतो.

तापीकाठ: लिहून दिलं तिला. मर्क्युरी टेल्युराइडला भाकीत, 2019 च्या यादीला पारख, आठ बिंदूंना कसोटी. आता एकच राहिलं, जड अणूंमुळे वरचा पट्टा खाली नि खालचा वर जातो त्याला ती 'पट्टव्युत्क्रमण' म्हणतेय, मी म्हटलं सरळ 'पट्टे उलटतात' म्हण. चालेल ना?