सैन्यावरील चित्रपटाला संरक्षण मंत्रालयाची संमती कशासाठी?

दादरकर : जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र पाठवून, सैन्यदलांवरील चित्रपट व वेब मालिका दाखवण्यापूर्वी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, असे सुचवले. रणगाडे, छावणी आणि जवान मागणाऱ्याची पटकथा लष्कराने वाचणे रास्तच आहे. 1964 चा ‘हकीकत’ सैन्याच्या सहकार्यावरच उभा राहिला. परंतु जो निर्माता गोरेगावच्या चित्रनगरीत पदरच्या पैशाने सेट उभारतो, त्यालाही तीच अट का? 2022 मध्ये दिग्दर्शक ओनीर यांची, सैन्य सोडलेल्या एका समलैंगिक मेजरच्या आयुष्यावरून सुचलेली पटकथा मंत्रालयाने नाकारली. जे घडले तेच सांगायला परवानगी लागावी, हे मला अजिबात पटत नाही.

कुलाबेकर : आपण नाण्याची एकच बाजू मांडलीत. हवाई दलातील वैमानिक गुंजन सक्सेना यांच्यावरील ‘गुंजन सक्सेना’ या चित्रपटात खऱ्या अधिकाऱ्याचे नाव वापरून हवाई दलात स्त्रियांना कसे वागवले जाते ते दाखवले, दलाने त्यावर लेखी आक्षेप घेतला आणि स्वतः सक्सेना यांनी, संस्था म्हणून दलाने आपल्याशी भेदभाव केला नाही, असे प्रतिज्ञापत्र दिले. ते किती प्रेक्षकांनी वाचले? नौदलातील माणसाच्या घरात आयुष्य गेल्यामुळे सांगते, पडद्यावरचे चित्र लोक खरेच मानतात.

दादरकर : तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चित्रपटाला स्थगिती दिली नाही. चित्रपटही लोकांसमोर राहिला आणि त्याचे खंडनही. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

गोरेगावकर : मी वेशभूषा विभागात काम करतो. कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे आणि मेजरच्या खांद्यावर केवळ अशोकस्तंभ, हे सांगणारा लष्करी सल्लागार नसेल तर छातीवरच्या फितीसुद्धा उलटसुलट लागतात, त्यामुळे सहकार्य हवेच. मात्र छावणीत चित्रीकरण करायचे ठरले की कोर्ट मार्शलचा प्रसंग लेखक स्वतःच गाळतो, कोणी सांगण्याची वाटही पाहत नाही. दादरकर, आपण जी अट रास्त म्हणता, तिचाच धाक मोठा आहे.

कुलाबेकर : नकाराची कारणे मंत्रालयाने लेखी आणि ठरावीक मुदतीत द्यावीत, एवढे मला मान्य आहे. परंतु हुतात्म्याचे खरे नाव वापरायचे असेल, तर त्याच्या कुटुंबाला पटकथा आधी दाखवलीच पाहिजे, मग सेट कोणाच्याही पैशाने उभा राहिलेला असो.