पीएचडीनंतर चार वर्षांचा खंड: संशोधनात परत यायचं तर कुठे आणि कसा अर्ज करावा?

रानजाई (प्रश्न)

विषय वनस्पतिशास्त्र, काम औषधी वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइड्स या संयुगांवर. पीएचडी २०१८. त्यानंतर दीड वर्ष एका प्रोजेक्टवर, मग मुलगी झाल्यावर चार वर्षं संशोधन बंद. सध्या नाशिक जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. वय ३८, शोधनिबंध पाच, शेवटचा २०२० चा.

विचारायचं ते असं: (१) महिला शास्त्रज्ञांसाठीच्या योजनांपैकी मला नेमक्या कोणत्या लागू होतात? (२) आमच्या महाविद्यालयात एचपीएलसीसुद्धा (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) नाही. यजमान संस्था म्हणून ते चालेल का, की पुण्या-मुंबईची संस्थाच शोधावी? (३) खंडाबद्दल अर्जात काय आणि किती लिहायचं?

आणखी एक, आमच्या विभागातल्या मुलीसाठी. ती एका केंद्रीय अनुदानाच्या प्रोजेक्टवर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) आहे, पीएचडीची नोंदणीही आहे. ऑगस्टमध्ये बाळंतपण, आणि प्रोजेक्टची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते. तिला 'फेलो म्हणजे कर्मचारी नव्हे, पगारी रजा नाही' असं सांगितलं गेलंय. खरं काय?

तिसरा_मजला

पहिली चाळणी एकच: कायम पद आहे की नाही. 'महिलांसाठी' असं वर लिहिलेलं असलं तरी योजनांचे दोन वेगळे कप्पे आहेत आणि चुकीच्या कप्प्यातला अर्ज तज्ज्ञांपर्यंत पोचायच्या आधीच बाद होतो.

कायम पदावर असलेल्यांसाठी 'पॉवर' योजना. सर्ब या केंद्राच्या विज्ञान-अनुदान मंडळाने ती ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केली. सर्ब आता एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात सामावलं आहे, त्यामुळे जाहिराती तिकडे पाहायच्या. तिची फेलोशिप ३५ ते ५५ वयोगटासाठी होती: पगाराशिवाय महिना १५,००० रुपये आणि वर्षाला १० लाखांचं संशोधन अनुदान, तीन वर्षं. संशोधन प्रकल्पाचे दोन स्तर होते. आयआयटी, आयसर, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांना तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. राज्य विद्यापीठं, महाविद्यालयं आणि खासगी संस्थांना ३० लाखांपर्यंत. दुसरा स्तर वेगळा ठेवला हे चांगलं, नाहीतर महाविद्यालयातल्या बाईंची स्पर्धा थेट आयआयटीशी झाली असती. पण सीएचबी हे नियमित पद नाही, म्हणून तुम्ही यात वेळ घालवू नका.

तुमचा कप्पा डीएसटीच्या (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) 'वाइज-किरण'चा. पूर्वी जिला डब्ल्यूओएस-ए म्हणायचे तिची जागा आता वाइज-पीएचडी आणि वाइज-पीडीएफने घेतली आहे; तुम्हाला पीडीएफ, म्हणजे पीएचडीनंतरची फेलोशिप. डब्ल्यूओएस-बीच्या जागी वाइज-स्कोप आहे, त्यात प्रयोगशाळेतलं ज्ञान गावात, शेतात, आरोग्यात उतरवण्याचं काम लागतं. विषय औषधी वनस्पतींचा असल्याने स्कोपचा मोह होईल. पण वनस्पती गोळा करणाऱ्यांबरोबर किंवा लागवड करणाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम आखलेलं नसेल तर तिथे जाऊ नका. मूलभूत प्रस्तावाला शेवटी 'समाजोपयोग' असा एक परिच्छेद जोडलेला परीक्षकांना लगेच कळतो.

दुसरा पर्याय जैवतंत्रज्ञान विभागाचा 'बायोकेअर'. २०११ पासून आहे, वयोमर्यादा ५५, आणि मुख्यत्वे पहिलं स्वतंत्र अनुदान मिळवणाऱ्यांसाठी. बेरोजगार किंवा खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियाही त्यात बसतात. मात्र विषयाला जैवतंत्रज्ञानाची खरी बाजू हवी. फ्लेव्होनॉइड तयार होण्याच्या मार्गातल्या जनुकांवर काम असेल तर बसेल, नुसतं अर्क काढून मोजमाप असेल तर नाही.

तिसरा, आणि विनाकारण दुय्यम समजला जाणारा: वाइज-आयपीआर, जुनी डब्ल्यूओएस-सी. वय २५ ते ४५, बौद्धिक संपदेचं एक वर्षाचं विद्यावेतनासह प्रशिक्षण. टायफॅक या डीएसटीच्या संस्थेतर्फे चालतं आणि पुण्यातली सीएसआयआर-युआरडीप ही त्याच्या केंद्रांपैकी एक. पुढे पेटंट एजंट परीक्षा देऊन घरून करण्याजोगं काम मिळू शकतं. प्रयोगशाळेतच परतायचं असेल तर सोडून द्या.

या योजना बारमाही खुल्या नसतात. जाहिरात आल्यावर प्रस्ताव लिहायला बसलात तर वेळ पुरत नाही, कारण प्रस्तावापेक्षा सह्यांनाच जास्त दिवस लागतात. प्रस्ताव, मार्गदर्शकाचं संमतिपत्र आणि संस्थाप्रमुखांच्या पत्राचा मसुदा आधीच तयार ठेवा.

खंडाबद्दल: एक ओळ पुरे. 'जून २०२० ते मे २०२४: बालसंगोपनासाठी संशोधनात खंड', अशी महिन्यांसकट. दिलगिरी नको, कौटुंबिक कारणमीमांसा नको. त्याखाली खंडानंतर काय केलं ते लिहा: शिकवलेले विषय, कार्यशाळा, पुनरावलोकन लेख. तारखा बायोडेटात आणि अर्जात तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मुलाखतीत खंडापेक्षा 'या चार वर्षांत तुमच्या विषयात काय बदललं?' हा प्रश्न अवघड जातो. म्हणून प्रस्तावातले संदर्भ २०१८ ला थांबलेले नसावेत. ही खूण परीक्षक सगळ्यात आधी पाहतात.

प्रस्तावात उद्दिष्टं तीनच, चार नकोत. पहिलं असं हवं की यजमान संस्थेत पहिल्या सहा महिन्यांत हाती काही लागेल.

खर्चवही

यजमान संस्थेबद्दल. शास्त्र बाजूला ठेवा, आधी कार्यालयात जाऊन विचारा:

संस्था पीएफएमएसवर (केंद्राच्या निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) नोंदलेली आहे का? केंद्राचा पैसा त्याशिवाय येत नाही. संस्था ट्रस्टची असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा क्रमांक आहे का? याआधी केंद्राचा एखादा प्रकल्प आला होता का, आणि त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (जीएफआर १२-ए) वेळेत गेलं का? हे प्रमाणपत्र अडकलं की पुढच्या वर्षाचा हप्ता अडकतो, आणि हप्ता अडकला की फेलोशिपही. संशोधक बाई महिनोन्‌महिने बिनपगारी राहतात त्यामागे बहुतेक वेळा दिल्ली नसते, लेखापालाच्या टेबलावरची फाईल असते.

छोट्या महाविद्यालयात ही घडी बसलेली नसेल तर विद्यापीठाचा विभाग किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळा बरी. बसलेली असेल तर केवळ एचपीएलसी नाही म्हणून महाविद्यालय नाकारू नका. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधता येतात, नोंदणी करून वेळ मागता येते. आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्रही बाहेरच्यांचे नमुने घेतं. लागणाऱ्या प्रत्येक चाचणीचा प्रति नमुना दर आधी घ्या, नमुन्यांच्या संख्येने गुणा, तीन पुनरावृत्ती धरा आणि वर १० ते १५ टक्के वाया जाणाऱ्या नमुन्यांसाठी ठेवा. म्हणजे ८ वनस्पती, ३ ऋतू, ३ पुनरावृत्ती असं असेल तर ७२ नमुने होतात. हिशेब ८० चा करा. ही रक्कम 'विश्लेषण शुल्क' म्हणून वेगळी दाखवा. किरकोळ खर्चात कोंबली तर अंदाजपत्रक तपासताना पहिली कात्री तिथेच लागते.

आणि दीड-दोन लाखांचं उपकरण मागण्याआधी ते ठेवणार कुठे, त्याला इन्व्हर्टर कोण देणार, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या.

रानजाई

दोन्ही उत्तरं फार कामाची. एक उपप्रश्न: माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमच मेंटॉर व्हायला तयार आहेत. त्यांची प्रयोगशाळा सुसज्ज आहे. घ्यावं का? आणि फेलोशिप मिळाली तर सीएचबी चालू ठेवता येईल का?

तिसरा_मजला

सीएचबी नाही. फेलोशिप पूर्णवेळ असते, रुजू होताना ते मानधन थांबवावं लागतं. लपवलं तर वसुली होते.

मॅडमना मेंटॉर घेणं नियमात बसत असेल तरी टाळा. परीक्षकांना स्वतंत्र विचार पाहायचा असतो. जुनीच प्रयोगशाळा, जुनाच विषय आणि जुन्याच मॅडम म्हटल्यावर प्रस्ताव पीएचडीचा उरलेला अध्याय वाटतो. मॅडमना सहकारी म्हणून ठेवा आणि त्यांच्या उपकरणवापराचं संमतिपत्र जोडा. मेंटॉर असा घ्या की ज्याचं तंत्र तुमच्याकडे नाही. तुमच्या बाबतीत मेटाबोलोमिक्स (पेशीतल्या सगळ्या लहान रेणूंचं एकत्रित मोजमाप) करणारं कुणी.

मधली_सुट्टी

जेआरएफ मुलीबद्दल. इथे दोन रजा आहेत आणि विभागांत त्यांची हमखास गल्लत होते.

एक, पीएचडीची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार स्त्री संशोधकांना संपूर्ण पीएचडी काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. एकूण मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. मिळून दहाच्या वर नाही. ही रजा वेळ देते, पैसे देत नाही. आणि ती विद्यापीठाच्या आदेशाने मंजूर व्हावी लागते. गाईडनी तोंडी 'जा' म्हटलं आणि संशोधन सल्लागार समितीपुढचं सत्राचं सादरीकरण चुकलं तर नोंद गैरहजेरीची होते.

दोन, पैशाची. 'तू कर्मचारी नाहीस' या वादात तिने शिरूच नये. केंद्राच्या जेआरएफ-एसआरएफबाबतच्या (कनिष्ठ आणि वरिष्ठ फेलो) आदेशांतच सगळ्या श्रेणींना भारत सरकारच्या नियमांप्रमाणे प्रसूती रजा आहे असं लिहिलेलं आहे. केंद्राची प्रसूती रजा १८० दिवसांची, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर. तिच्या मंजुरीपत्रात जोडलेल्या अटींत ते कलम शोधायचं, अर्जात त्याचाच क्रमांक द्यायचा. मातृत्व लाभाचा कायदा (आधी १९६१ चा, २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम; नोव्हेंबर २०२५ पासून याच तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत) दुसऱ्या पायरीला ठेवा.

ऑक्टोबरचा पेच खरा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं की कंत्राटाची मुदत संपली म्हणून मातृत्वाचा लाभ थांबत नाही. पण निकाल हातात असणं आणि खात्यात पैसे येणं यात अंतर आहे. म्हणून मुख्य संशोधकांनी आत्ताच अनुदान देणाऱ्या संस्थेकडे विनाअतिरिक्त-खर्च मुदतवाढ मागावी. कारण म्हणून जेआरएफची प्रसूती रजा स्पष्ट लिहावी, मनुष्यबळ शीर्षात किती रक्कम शिल्लक राहील ते दाखवावं. ऑक्टोबर उजाडल्यावर मागितलेली मुदतवाढ खातं बंद झाल्यावर येते.

क्रम असा: डॉक्टरांचं अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र, प्रोजेक्टकडे रजेचा अर्ज, त्याची प्रत जोडून विद्यापीठाकडे दुसरा अर्ज, दोन्हींवर आवक क्रमांक. ईमेल वेगळा पाठवावाच.

लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलणाऱ्या संशोधक मुलींसाठी यूजीसीच्या त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे: संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. फक्त ते काम मूळ संस्थेने किंवा गाईडने मिळवलेल्या अनुदानित प्रकल्पाचं असेल तर नेता येत नाही, आणि आधीच्या गाईड व संस्थेला श्रेय द्यावं लागतं. म्हणजे प्रोजेक्ट जेआरएफच्या बाबतीत ही वाट बहुधा बंद. पीएचडीचा विषय ठरवतानाच एक उद्दिष्ट प्रोजेक्टबाहेरचं ठेवणं शहाणपणाचं.

ऱ्हाईनकाठ

युरोपचा विचार असेल तर थोडक्यात. मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरच्या संशोधनाची आठ वर्षांची मर्यादा आहे, पण संशोधनाबाहेर गेलेला काळ त्यातून वजा होतो. २०१८ च्या पीएचडीला खंडामुळे अजून जागा आहे. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेलं नसावं. कुटुंब बरोबर असेल तर वेगळा भत्ता असतो. ईआरसीच्या (युरोपीय संशोधन परिषद) अनुदानांत आईला प्रत्येक मुलामागे पात्रतेचे १८ महिने वाढवून मिळतात. रजा घेतल्याचा पुरावा लागत नाही, जन्मदाखला लागतो. इंग्रजी किंवा द्विभाषिक दाखला आत्ताच काढून ठेवा, नगरपालिकेतला जुना मराठी दाखला भाषांतरित करत बसणं ऐन मुदतीत जमत नाही.

जर्मनीत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या डॉक्टरल आणि पोस्टडॉक स्त्रियांना क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड फाउंडेशन दरमहा रक्कम देतं, तीही घरकाम आणि मुलं सांभाळणाऱ्या मदतनिसासाठी. संशोधनाचा खर्च त्यातून करायचा नसतो. नेमकं दुखणं ओळखून आखलेली इतकी सरळ योजना दुसरी पाहण्यात नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी डॅफ्नी जॅक्सन फेलोशिप: किमान दोन वर्षांचा खंड असणं हीच तिथे पात्रता, आणि काम अर्धवेळ करता येतं.

नॅक_वाल्या_बाई

रानजाई, तुमच्या महाविद्यालयातल्या कायम शिक्षिकांसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण पदोन्नतीत तिचा फटका बसतो आणि कुणी बोलत नाही.

२०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात पीएचडी करणाऱ्या २.१२ लाखांपैकी ९८,६३६ स्त्रिया होत्या. संशोधन-विकासात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत मात्र २०१८ च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्के. दोन्ही आकड्यांची मोजणी वेगळी आहे, एकमेकांतून वजा करू नका. तरी गळती पीएचडीनंतर होते एवढं त्यातून दिसतं. डीएसटीचा २०२० चा गती उपक्रम ब्रिटनच्या अथीना स्वॉन या स्त्री-पुरुष समानतेच्या सनदेवर बेतलेला आहे आणि संस्थेने स्वतःचे असे आकडे तपासावेत हाच त्याचा गाभा. सनद मिळो न मिळो, विभागाला हे करायला अडचण कसली? अर्ज किती, मुलाखतीला किती, निवड किती, बढती किती, आणि प्रत्येक ठिकाणी स्त्रिया किती. मागच्या पाच वर्षांचं एक पान.

आता पदोन्नती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत तक्ता १ खाली टीप आहे. प्रसूती, बालसंगोपन यांसारख्या रजांचा काळ अध्यापन आणि इतर उपक्रमांच्या श्रेणीतून वगळायचा, उरलेल्या काळाचं मूल्यमापन करायचं आणि तेच पूर्ण कालावधीला लावायचं. ८० टक्के व त्याहून अधिक तासिका म्हणजे 'चांगलं', ७० ते ८० म्हणजे 'समाधानकारक'. समजा वर्षाला ४०० तासिका ठरलेल्या, बाई अर्धं वर्ष रजेवर होत्या आणि उरलेल्या २०० पैकी १७० घेतल्या. हिशेब १७० भागिले २००, म्हणजे ८५ टक्के. आयक्यूएसीतला (महाविद्यालयाचा गुणवत्ता कक्ष) मनुष्य सवयीने ४०० ने भागतो आणि ४२.५ टक्के लिहून मोकळा होतो.

टीप फक्त पहिल्या दोन बाबींना लागू आहे. शोधनिबंधांची अट तशीच राहते, रजेमुळे कमी होत नाही. शिवाय रजा सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने घेतलेली हवी. त्यामुळे फाईलमध्ये मंजुरी आदेश, हजर झाल्याचा अहवाल आणि वर दिलेला भागाकार एका कागदावर, टीपेच्या झेरॉक्ससह. छाननी समितीत हा कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा, शेवटच्या नको.